जाताना बंद, येताना चालू

"ताई, स्पष्टच बोलतो. तुमच्या गाडीला काहीसुद्धा झालेलं नाही," अंबादास कोडम म्हणाला आणि त्याने बोनेट धाडकन खाली आपटलं.

हे तो मला तिसऱ्यांदा सांगत होता. आम्ही दोघं नुकतेच विजापूर रोडवर एक लांब चक्कर मारून आलो होतो. गाडी त्याने चालवली, मी शेजारी बसले. त्याने स्टेअरिंगवरचं बटण दाबलं, समोर हिरवा दिवा लागला, त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून मला दाखवला आणि गाडी ठरवलेल्या वेगाने शहाण्यासारखी पळत राहिली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू!

"सकाळी नाही चालत," मी म्हटलं.

"आता चालतंय की."

"आता संध्याकाळ आहे."

अंबादासने हात पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात त्याचं सोलापुरात नाव होतं, आणि ते नाव आहे हे तो स्वतःच येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. "ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "गाडीला काय कळतंय, सकाळ हाय का संध्याकाळ?"

मला तरी कुठे कळत होतं? पण गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. सकाळी कामाला निघाले की बटण दाबून दाबून बोट दुखायचं, दिवा काही लागायचा नाही. लागलाच तर दोन-चार मिनिटांत आपोआप विझायचा. संध्याकाळी परत येताना मात्र पहिल्या झटक्यात चालू. जाताना बंद, येताना चालू. माझा नवरा उमेश म्हणायचा, "गाडीला घर सोडवत नाही. तुझ्यापेक्षा तिचाच संसारात जीव जास्त."

या सोयीला क्रूझ कंट्रोल म्हणतात. वेग ठरवून बटण दाबलं की गाडी तो वेग आपणहून धरून ठेवते, ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागत नाही. ब्रेकला पाय लागला की लगेच सुटते. पुष्कळांच्या लेखी ही चैन आहे. माझ्यासाठी ती चैन नव्हती. आदल्या वर्षी होटगी रोडवर माझ्या स्कूटरला मागून टेम्पोने उडवलं आणि उजव्या घोट्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू घालून तो पुन्हा उभा केला. चालता येत होतं, गरज पडली तर ब्रेक कचकन दाबता येत होता. पण पाय एका जागी दाबून धरला की आधी मुंग्या यायच्या आणि मग घोट्याखालचं सगळं बधिर व्हायचं. "गाडी चालवा, पण पाय एका ठिकाणी धरून ठेवायचा नाही," डॉक्टर म्हणाले होते. हायवेवर गाडी चालवणं म्हणजे दुसरं काय असतं?

आणि माझं काम हायवेच्या त्या टोकाला होतं. टेंभुर्णीच्या अलीकडे एका डेअरीत मी केमिस्ट होते. सकाळी दुधाचे टँकर येऊन रांगेत उभे राहायचे आणि मी नमुने तपासून होकार दिल्याशिवाय एकाचाही नळ उघडायचा नाही. मिशाळ ड्रायव्हर लोक खिडकीशी येऊन विचारायचे, "मॅडम, पास का?" तो प्रश्न ऐकायला मी अपघातानंतर चार महिने झुरले होते. एसटीने जाऊन पाहिलं, पण उभ्याने प्रवास आणि फाट्यापासून पुढची चाल त्या पायाला झेपेना. मग उमेशने जंग जंग पछाडून ही जुनी गाडी शोधून आणली, केवळ तिच्या स्टेअरिंगवर ते बटण होतं म्हणून. घरी आणली त्या दिवशी त्याने सगळ्यांना कौतुकाने दाखवलं होतं. "हे नुसतं बटण नाही बरं का. हा वैजयंताचा उजवा पाय आहे."

सगळ्यांना म्हणजे मला आणि मामांना. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर-तुळजापूर, सोलापूर-लातूर, कुठे कुठे गाड्या नेल्या त्यांनी, आणि निवृत्त होईपर्यंत गाडीला साधा ओरखडा नाही. माणूस अतिशय अबोल. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्या, होत्या तोवर त्याच दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्यावर मामांच्या तोंडून दिवसाकाठी चार वाक्यं निघाली तरी खूप. त्या दिवशी त्यांनी बटण पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "गाडी आपलं आपण पळती म्हंजी मग डायवर झोपायला मोकळा."

झालं. मी त्यातून जे समजायचं ते समजले.

समजायला आणखीही कारणं होती. सुरुवातीला एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते शेजारी बसले होते आणि सबंध रस्ताभर त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर ब्रेक दाबत होता. पुढे रिक्षा दिसली की दाब, कुत्रं दिसलं की दाब. घरी पोचेपर्यंत मलाच दम लागला. त्यानंतर ते माझ्या गाडीत बसले नाहीत. पण रोज पहाटे, मी उठायच्या आत, खुंटीवरची किल्ली घेऊन खाली जायचे आणि फडक्याने गाडी पुसायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. कुठे घासली, कुठे ठोकली, याची तपासणी चाललीय असं मी धरून चालले होते. उमेशला म्हटलंही, "मामांनी अजून चेकरची नोकरी सोडलेली दिसत नाही." तो हसून म्हणायचा, "ते ड्रायव्हर होते गं, चेकर नव्हते."

पहिले दोनेक महिने बटण छान चाललं. सावळेश्वरचा टोलनाका ओलांडला की मी ते दाबायची, पाय मोकळा करायची, घोटा गोल फिरवायची आणि गाणी म्हणत मोहोळ गाठायची. मग हे विचित्र दुखणं सुरू झालं. बटण लागलं नाही की मला पायानेच गाडी न्यावी लागायची. मोहोळला थांब, पाय चोळ, शेटफळला थांब, पुन्हा चोळ. टँकर खोळंबायला लागले. आमचे प्लांट मॅनेजर शेंडगे साहेब भला माणूस, पण त्यांनाही वरून विचारणा व्हायची. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं काटेकोर कोणी नाही, हे मीच सगळ्यांना सांगतो. पण दूध थांबत नाही हो. या महिन्याअखेरपर्यंत काय ते बघा."

त्यानंतर चारच दिवसांनी मोडनिंबजवळ तो प्रसंग घडला. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या. त्याने न विचारता न सांगता उजवीकडे वळण घेतलं. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. पाय इतका बधिर झाला होता की तो कशावर आहे हेच कळेना. गाडी पुढेच जात राहिली. मग डाव्या पायाने, हाताने, देवाचं नाव घेऊन, काय काय केलं आठवत नाही. हँडब्रेक ओढल्याचं तेवढं आठवतं. ट्रॉलीतल्या उसाचे शेंडे माझ्या काचेवर घासत गेले.

संध्याकाळी मी उमेशला सांगितलं. मामा तिथेच पाटावर जेवत होते. उमेशचा चेहरा पांढरा पडला. "बास," तो म्हणाला. "आता बास झालं, वैजू. बटण नीट झालं तर ठीक, नाहीतर राजीनामा देऊन टाक. इथे एखाद्या क्लासमध्ये शिकव."

मामांनी ताटावरून मान वर केली नाही. हात धुऊन ते देवघरात गेले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. मी मनात म्हटलं, घ्या, मामांच्या मनासारखं झालं एकदाचं.

अंबादासकडे माझ्या फेऱ्या अशा चालल्या होत्या. त्याचंही कौतुक करायला हवं. दुसरा कोणी असता तर "बाईच्या डोक्यात काहीतरी" म्हणून मोकळा झाला असता. अंबादास दर वेळी ठामपणे सांगायचा की गाडीला काही झालेलं नाही, आणि दर वेळी ठामपणे काहीतरी बदलायचा. आधी त्याने फ्यूज बदलला. मग क्लचचा स्विच. मग म्हणाला, "ताई, सापडला चोर. ब्रेकच्या पेडलमागं एक स्विच असतो. तो सैल झाला की गाडीला वाटतं, मालकानं ब्रेक दाबला, आन् ती क्रूझ सोडून देती." त्याने तो बदलला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा दिवा लागला. तिसऱ्या दिवशीही लागला. आठवडाभर रोज लागला. मी इतकी खूश झाले की अर्धा किलो पेढे घेऊन अंबादासच्या गॅरेजवर गेले. त्याने ते शेजारच्या पंक्चरवाल्यापासून समोरच्या टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटले आणि प्रत्येकाला ब्रेकच्या स्विचची गोष्ट सांगितली.

त्याच आठवड्यात मामा लातूरला लेकीकडे गेलेले होते. रविवारी ते परत आले. सोमवारी सकाळी टोलनाका ओलांडून मी बटण दाबलं. दिवा लागला नाही.

मोहोळला गाडी बाजूला घेऊन मी चक्क रडले. मग डोळे पुसले आणि माझ्या धंद्याच्या रीतीने विचार करायला लागले. एखादा नमुना कधी नासतो, कधी नासत नाही, तर दोन्ही वेळी वेगळं काय होतं ते शोधायचं, हेच तर मी रोज करत होते. सकाळी बंद, दुपारनंतर चालू. दिवसभर गाडी कुठे असते? डेअरीच्या पटांगणात, रणरणत्या उन्हात. म्हणजे सकाळी असं काहीतरी असतं जे उन्हात नाहीसं होतं.

मी तिथूनच अंबादासला फोन लावला. पेढ्यांची चव त्याच्या तोंडातून अजून गेली नसावी, तो बिचारा एकदम ओशाळला. "ओल," मी म्हटलं. "कुठेतरी ओल आहे. ती वाळली की बटण चालतं."

"ताई, मार्च महिना हाय. सोलापुरात माणसाच्या घशाला ओल न्हाई, गाडीला कुठली?"

"ते मला माहीत नाही. उद्या मी रजा टाकते. घरातून निघते ती थेट तुझ्याकडे येते. गाडी उन्हात उभी करायची नाही, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. आजारी असतानाच तिला बघ."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा अंबादास शटर उघडत होता. येताना बटण दाबून पाहिलं होतं, दिवा लागला नव्हता. त्याने मीटरच्या दोन तारा जोडल्या आणि आकडा पाहून शीळच घातली.

"ताई, तुमचं खरं. हा आकडा मागच्या वेळी असा नव्हता."

"म्हणजे काय?"

"म्हंजी असं बघा. या बटणांना वेगळी वेगळी वायर नसती. समद्यांची मिळून एकच. चालू करायचं बटण, वेग वाढवायचं, कमी करायचं, बंद करायचं, दर एकाचा आवाज निराळा, म्हणून गाडीला कळतं कोण बोलतंय ते. आता तुम्ही कुठलंच बटण दाबलेलं न्हाई, तरी आत कुणीतरी पुटपुटतंय. गाडी म्हणती, मला काय कळंना, मी आपली गप बसते." त्याने बटणाच्या कडेवर नख टेकवलं. "दोष हितंच हाय. बाकी समदं सोडा."

बॅटरीची तार काढून आम्ही चहा घेतला. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असते, ती शांत व्हायला वेळ द्यावा लागतो म्हणे. मग त्याने ते मधलं झाकण अलगद सोडवलं, बटणांची पट्टी बाहेर काढली, आणि एका पातळ पेचकसाने चालू करायचं बटण वर उचललं.

आम्ही दोघांनीही वाकून पाहिलं.

बटणाखाली लाल होतं. गडद, ओलसर, लेपासारखं. कडेच्या फटीतून आत उतरून ते सगळीकडे पसरलं होतं. खाली वाळलेला जुना थर, वर ताजा ओला.

"गंज?" मी विचारलं.

"प्लास्टिकला गंज न्हाई चढत," अंबादास म्हणाला. त्याने बोटाला लावून वास घेतला. आणि एरवी दर वाक्याला ठासून बोलणारा तो माणूस अगदी हळू बोलला. "ताई, हे कुंकू हाय."

तेव्हा मला माझा अंगठा आठवला. प्रयोगशाळेत अधूनमधून त्यावर गुलाबीसर डाग दिसायचा. आमच्याकडे दुधाचा आंबटपणा मोजताना गुलाबी होणारं एक रसायन वापरतात, त्याचाच तो असणार म्हणून मी धुऊन टाकायची.

गॅरेजच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती. मी अंबादासला म्हटलं, "ते लिंबू काढ."

"ताई, शनिवारचंच हाय, ताजं..."

"दुसरं लाव नंतर. काढ."

मी लिंबू कापलं आणि त्या लालीवर एक थेंब पिळला. लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. हळदीसारखा पिवळा, कारण ती हळदच होती. हळदीला चुना लावला की ती लाल होते आणि आंबट लागलं की पुन्हा मूळपदावर येते. हल्ली बाजारात मिळणारं कुंकू नुसता रंग असतो, ते लिंबाने ढिम्म हलत नाही. हे जुन्या पद्धतीचं होतं, घरी केलेलं. आणि चुन्याचा अंश असलेली ओली पूड म्हणजे विजेला मोकळी वाटच.

असं कुंकू आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं. आत्या तुळजापूरच्या एका बाईकडून ते करून घ्यायच्या. त्या गेल्या तेव्हा एक डबा शिल्लक होता. मामांनी तो देवघरात ठेवला होता आणि त्याला घरात दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. रोज त्यातली चिमूट ते वाटीत कालवायचे. एक बोट देवाला, एक बोट आत्यांच्या फोटोला. तो डबा पुरवून पुरवून वापरायचे, उमेशच्या वाढदिवसालासुद्धा त्यातलं द्यायचे नाहीत.

"ताई, तुमची गाडी कुणीतरी रोज पूजतंय," अंबादास म्हणाला. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची जन्मभर आभारी आहे. "लावतंय आन् पुसून टाकतंय. जुने डायवर लोक असंच करत्यात. हाताला चिकटू नये म्हणून."

त्याने पट्टी स्वच्छ धुतली, वाळवली, पुन्हा बसवली. निघताना म्हणाला, "आता हितं थेंबसुद्धा न्हाई पडला पायजे. घरी सांगा." मग थोडं थांबून, "पर जरा बेतानं सांगा."

रात्रभर मी सांगायची वाक्यं जुळवत होते. सकाळी गजर व्हायच्या आधीच उठले आणि खाली पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मामा आले. अंघोळ झालेली, एका हातात फडकं, दुसऱ्या हातात छोटी पितळी वाटी. मला पाहून त्यांनी वाटी फडक्याखाली घेतली.

"लवकर उठलीस?"

"मामा," मी म्हटलं, "बटणात कुंकू सापडलं."

त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"ते आत उतरतं. ओलं असलं की बटण बंद पडतं. उन्हात वाळलं की चालू होतं." मी जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही मला आठवत नव्हतं. "तुम्ही लातूरला होता ना, तेव्हा आठवडाभर चाललं."

मामांनी मनाशी हिशेब लावला असावा. त्यांचे ओठ हलले. मग ते माझ्या शेजारी पायरीवर बसले, बसले म्हणजे जवळजवळ पडलेच. "म्हंजी मोडनिंबाला..." ते म्हणाले. "त्या ट्रॅक्टरला..." मग फडक्याकडे बघत म्हणाले, "सबंध नोकरीत गाडीला वरखडा न्हाई माझ्या. आन् सुनंची गाडी मीच बंद पाडली."

"तसं नाही हो, मामा."

"कसं न्हाई?"

मग मी जे मनात होतं तेच विचारलं. "तुम्हाला तर हे बटण आवडत नव्हतं. झोपायला मोकळा म्हणाला होता तुम्ही."

"म्हनलो हुतो. भ्या वाटलं म्हनून म्हनलो." त्यांनी वाटी दोघांच्या मध्ये ठेवली. "डेपोतनं गाडी काढायच्या आधी स्टेरिंगला बोट लावायचो, डोक्याला लावायचो, पुसायचो आन् मग किल्ली. तुझी आत्याच वाटी करून द्यायची डब्यासंगं. कंदी चुकलं न्हाई. तू ह्या पायानं इतक्या लांब जातीस. मी काय करनार? माझ्या हातात हाय तेवढं केलं."

"पण मग स्टेअरिंगला लावायचं, बोनेटला लावायचं. बटणालाच का?"

मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या उजव्या पायाकडे बघत होते. चपलेतून घोट्यावरचा टाक्यांचा व्रण दिसत होता.

"उमेश म्हनला हुता की, त्यो तुझा पाय हाय म्हनून," ते म्हणाले. "खऱ्या पायालाच लावलं असतं. पर सासऱ्यानं सुनंच्या पायाला हात कसा लावावा? तुला अवघडलं असतं. म्हनून मग तितं लावलं."

अपघातानंतर माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ काही केलं, आणि सगळं मला दिसेल असं केलं. हा एक माणूस अंधारात उठून, आपल्या बायकोने करून घेतलेल्या शेवटच्या डब्यातलं कुंकू रोज चिमूटभर माझ्या पायासाठी खर्च करत होता आणि ते पुसूनही टाकत होता. बटण बिघडलं नसतं तर मला हे कधी कळलंच नसतं. त्या बिघाडाचे उपकार मी कसे मानू, हे मला आजही कळत नाही.

मी वाटी उचलून त्यांच्या हातात दिली. "बोनेटवर लावा. तिथे कितीही ओलं चालतं."

त्यांनी लावलं. बोटभर, मधोमध. तेच बोट डोक्याला लावलं आणि सवयीने फडकं उचललं.

"पुसू नका," मी म्हटलं. "आणि कपडे बदलून या. आज माझ्याबरोबर चला टेंभुर्णीपर्यंत. बटण चालतंय की नाही ते तुम्हीच बघा. येताना एसटीने या, तुमचा पास आहे."

"मी?"

"मग कोण? अंबादास तर म्हणतो गाडीला काही झालेलंच नाही."

मामा आता नाहीत. ती गाडीही विकली. पुढे किती वर्षं मी त्या रस्त्याने गेले आणि बोनेटवरच्या त्या ठिपक्यावर किती वेळा सकाळचं ऊन पडलेलं पाहिलं, त्याची मोजदाद नाही. डेअरीतले ड्रायव्हर आधी हसले, मग त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी आपापल्या टँकरवर तसंच सुरू केलं. पण माझ्या मनात राहिला आहे तो पहिला दिवस.

मामा इस्त्रीचा सदरा घालून शेजारी बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. शहर संपेपर्यंत त्यांचा उजवा पाय मॅटवर ब्रेक दाबत होता. रिक्षाला दाबला, म्हशीला दाबला, लांबवर दिसणाऱ्या एका सायकलवाल्यालाही दाबला. सावळेश्वरचा टोलनाका गेला. मी वेग धरला आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

मी पाय उचलला आणि त्यांना दिसेल असा बाजूला घेतला. घोटा गोल फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मामा एकदा माझ्या पायाकडे, एकदा काट्याकडे, एकदा रस्त्याकडे बघत होते. त्यांचा स्वतःचा पाय मॅटवर तसाच घट्ट होता. मोहोळ गेलं तरी तो सुटला नव्हता. पुढे एक ट्रक संथ चालला होता, मी ब्रेकला हलका पाय लावला, दिवा विझला, ट्रकच्या बाजूने पुढे गेले आणि पुन्हा बटण दाबलं. दिवा पुन्हा लागला. मामांनी हुंकार दिला. चांगला की वाईट, ते कळलं नाही.

शेटफळ ओलांडलं तेव्हा बाजूला काहीतरी हालचाल झाली म्हणून मी नजर वळवली. मामांनी वाकून चपला काढल्या होत्या आणि नीट एकाशेजारी एक लावून ठेवल्या होत्या. मग त्यांनी आधी डावा पाय वर घेतला, मग उजवा, आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.

"मामा," मी म्हटलं, "आता ब्रेक कोण दाबणार?"

"तू हायस की," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.